खाऱ्या विहिरीचं तिसरं कडवं

पुणे
७ नोव्हेंबर २०२४

ती. शारदाआत्या,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, प्रत्यक्षात खुर्चीवर मांडी घालून बसले आहे.

दिवाळीहून पुण्याला परतल्यापासून तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा किसनकाकांनी उचलला आणि तिन्ही वेळा म्हणाले, "थे आंघोळीले गेली." एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा दिवेलागणीला. संग्रामपूरला पाण्याची इतकी चंगळ कधीपासून झाली? फोन नको असेल तर राहिलं. पत्राचं उत्तर मात्र दे. मे महिन्याच्या सुट्टीत आले की तू माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायचीस आणि दहापैकी सहाच्या वर मार्क द्यायची नाहीस, ते मी विसरलेले नाही.

आता कामाचं. भाऊबीजेच्या सकाळी तू तूरडाळ लावली होतीस. ती काही केल्या शिजत नव्हती, आणि तू पाठमोरी उभी राहून तिला दटावल्यासारखं गात होतीस. मी दारात आहे हे तुला ठाऊक नव्हतं. मला पाहिलंस आणि गप्प झालीस. मग मी पिच्छा पुरवला तेव्हा दोन कडवी नुसती बोलून दाखवलीस, शाळेत पाढे म्हणतात तशी. घरी येताना गाडीत मी ती लिहून काढली:

खाऱ्या हिरीचं पाणी, बाई, डाळ काही शिजेना
सासू म्हणे सुनेले, हिले रांधणं येईना
पाण्याले कोणी बोलेना, बाई, पाण्याले कोणी बोलेना

दुसऱ्यात साबणाला फेस येत नाही आणि धुणं येत नाही म्हणून सुनेलाच बोलणी. तिसरं "मंग सांगतो" म्हणालीस आणि पुरणाकडे वळलीस.

आत्या, हे गाणं मला आमच्या बँडसाठी हवं आहे. मी गाते हे तुला माहीत आहे, पण कशात गाते हे बाबांनी कधी नीट सांगितलं नसेल, कारण त्यांना स्वतःलाच ते नीट कळलेलं नाही. आम्ही तिघं आहोत. मी गाते. विहंग गिटार वाजवतो, तो इथला पेठेतला. सोहम ड्रम वाजवतो, तो मलकापूरचा, म्हणजे आपला. आणि बँडचं नाव ऐकून तू हसशील. 'खारपाण'. विहिरीलाही खारंच पाणी लागतं त्या आपल्या खारपाणपट्ट्यावरून. आता बोल, या नावाच्या बँडकडे खाऱ्या विहिरीचं गाणं नसावं हे बरं दिसतं का?

तिसरं कडवं पाठव.

तुझी
रेवती

*

संग्रामपूर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. रेवती,

आशीर्वाद, आणि पत्राला साडेसहा मार्क. अर्धा वाढवला तो डाळीवर लक्ष ठेवल्याबद्दल.

फोनचं खरं कारण सांगते, म्हणजे किसनरावांना खोटं बोलायला नको. त्यांना ते जमतही नाही. थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत आवाज मोकळा होईल. झाला मोकळा. फक्त जो मोकळा झाला तो माझा नाही. गॅसचा नंबर लावला तर तिकडचा पोरगा म्हणतो, "दादा, सिलिंडर उद्या भेटन." बँकेतल्या बाईने सांगितलं, शारदाबाईंना फोन द्या. मी म्हटलं, मीच बोलतेय. तिने फोन ठेवून दिला. आम्ही दोघं हसलो, पण तेव्हापासून फोन वाजला की मला आंघोळीची आठवण होते.

मंडळाचंही तुला कळलं नसेल. आमच्या महामाया महिला भजनी मंडळात इतकी वर्षं पुढे मी म्हणायची आणि बाकीच्या मागून झील धरायच्या. आता पुढची जागा विमलबाईकडे दिली आहे. मी जाते, मागे बसते, टाळ वाजवते आणि ओठ हलवते. डॉक्टर म्हणतात, खुशाल म्हणा, गळ्याला काही होणार नाही. गळ्याला नाही होणार, ऐकणाऱ्याला होईल. मोठ्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा तो आवाज, देवापुढे कशाला काढायचा? खंजिरी खुंटीवर लावून ठेवली आहे. वाईट वाटतं, लपवून काय करू. शुक्रवारी भजनाची वेळ झाली की जरा जास्तच वाटतं.

तुला गाणं हवं तर घे. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी रचलं होतं. माहेरचं पाणी गोड आणि इथलं खारं, आणि बोलणी मला. सासूबाईंच्या देखत म्हणायची सोय नव्हती, म्हणून हौदावर धुणं धुताना म्हणायची. तिसऱ्या कडव्याचं पुढच्या पत्री बघू.

तुझा बँड अंडरग्राउंड आहे असं तुझ्या बाबांनी फोनवर ह्यांना सांगितलं. हे म्हणतात, काहीतरी पोलिसांची भानगड असावी. खुलासा कर.

तुझी
शारदाआत्या

*

पुणे
३० नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

काकांना सांग, पोलिसांशी संबंध फक्त हेल्मेटपुरता.

अंडरग्राउंड म्हणजे असं. आमच्यामागे कंपनी नाही. टीव्ही नाही, मोठं सभागृह नाही, पोस्टर नाही. ज्यांना आवडतं ते एकमेकांना सांगतात आणि तेवढेच येतात. कुणाच्या गोडाऊनमध्ये, कुणाच्या गच्चीवर वाजवतो. सध्या एका बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर मिळालंय, तेव्हा अक्षरशः जमिनीखालीच आहोत. मिळत काही नाही. उलट चहा आपणच पाजायचा.

तुझं गाणं बसवलं आणि मागच्या शनिवारी वाजवलंही. लोकांना आवडलं.

तुझ्या आवाजाबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. बोलले तर तू म्हणशील, लहान तोंडी मोठा घास. पण भाऊबीजेला दारात मी उगाच उभी राहिले नव्हते, एवढं ध्यानात ठेव.

तिसरं कडवं?

रेवती

*

संग्रामपूर
१२ डिसेंबर २०२४

चि. रेवती,

आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी मंडळात वाचून दाखवलं. म्हणजे विमलबाईने वाचलं, मी चष्मा पुसला. अंडरग्राउंड म्हणजे काय ते सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं. कंपनी नाही, पोस्टर नाही, तोंडी निरोपावर माणसं येतात, मिळत काही नाही आणि चहा आपणच पाजायचा. वच्छलाबाई म्हणाली, "हे त आपलंच मंडळ झालं. आपन इतके वर्सं अंडरग्राउंड होतो आन् कोनी सांगतलं नाही."

वच्छलाबाई तुला आठवत असेल. शेषरावांची बायको, वेशीबाहेर त्यांचा मळा आहे, बोलते तेव्हा मळ्यातून गावात ऐकू येतं. तीच पुढे म्हणाली, "आपलं गानं पुन्याले वाजून राह्यलं आन् आपन इथं टाळ कुटत बसाचं काय?" त्यावर विमलबाईला आठवलं की तिची लेक काजल पुण्यात हडपसरला असते आणि बोलावून थकली आहे. झालं. तुझ्या बाबांकडून कळलं की तुमचा पुढचा कार्यक्रम अठरा जानेवारीला, शनिवारी संध्याकाळी आहे. आम्ही तिघी येतो.

पाहुणचाराची काळजी करू नकोस. आमच्या मंडळाची रीत तुला माहीत आहे. दुसऱ्या गावच्या कार्यक्रमाला जाताना सतरंजी आपली, टाळ आपले, भाकरी आपली, आणि यजमानांसाठी काहीतरी वेगळं बांधून. तुझ्या विहंगला ठेचा चालतो का ते कळव.

मला तेवढं एक गाणं ऐकायचं आहे गं. आपण म्हणू शकत नाही तर दुसऱ्याच्या तोंडून तरी ऐकावं, पुण्याच्या लोकांत बसून.

शारदाआत्या

*

पुणे
२२ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला आणि घाम फुटला. रागावू नकोस, नीट वाच.

पहिलं म्हणजे तिथे बसायची सोय नाही. लोक दोन-अडीच तास उभे राहतात, उड्या मारतात, एकमेकांच्या अंगावर पडतात. दुसरं, आवाज इतका मोठा असतो की मी स्वतः कानात बोळे घालते. यायचंच असेल तर निदान कापूस आण. तिसरं, जिना अरुंद आहे. चौथं, पत्ता आधी कुणालाच सांगत नाहीत, कार्यक्रमाच्या दिवशी मोबाइलवर येतो. छापखान्याच्या शेजाऱ्यांना सुगावा लागला तर तळघर जाईल.

आणि पाचवं, जे मी आधीच लिहायला हवं होतं. गाणं लोकांना आवडलं असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं. लोक हसले. विनोद ऐकून हसतात तसं नाही, उगाच हसतात तसं. पुढे माझ्याच्याने म्हणवेना, मी मध्येच सोडलं आणि विहंगने दुसरं सुरू केलं. दोष गाण्याचा नाही. ते माझ्या गळ्यात बसत नाही. म्हणून यादीतून काढलं आहे. ते ऐकायला तू रात्रभर गाडीत अवघडून येणार आणि मी ते म्हणणारच नाही, हे मला सहन होत नाही.

उन्हाळ्यात ये ना. नुसती राहायला ये.

रेवती

*

संग्रामपूर
१ जानेवारी २०२५

चि. रेवती,

आशीर्वाद.

उभं राहण्याबद्दल: मी बत्तीस वर्षं फळ्यापुढे उभी होते. जिन्याबद्दल: आमच्या माळ्यावर एकदा चढून बघ. पत्त्याबद्दल: गावजेवणाचा सांगावाही त्याच दिवशी येतो, म्हणून कोणी उपाशी राहिलेलं नाही. कापसाबद्दल: तो तू वऱ्हाडातल्या बाईला आणायला सांगतेस. वच्छलाबाई हे ऐकून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तिच्या घरी आत्ता कापसाने एक खोली भरली आहे.

गाण्याबद्दल: गळ्यात बसत नाही म्हणजे काय ते मी ओळखलं. तिकडे मले-तुले म्हटलं की लोक हसतात. मीही ट्रेनिंगला पुण्यात वर्षभर होते, तेव्हा दुकानात काही मागायच्या आधी मनात वाक्य फिरवून घ्यायची. तुला तिथे जागा करायची आहे. माझ्या गाण्यापायी हसू करून घेऊ नकोस. ते म्हणू नकोस, मला राग नाही.

तिकिटं काढून झाली आहेत. शेगावहून बसू आणि काजलकडे उतरू. तुझी बाकीची गाणी ऐकू आणि जाऊ. गाणं यादीत नाही हे मी वच्छलाबाईला सांगितलेलं नाही. ती गावभर सांगून बसली आहे, तिचा हिरमोड कशाला.

शारदाआत्या

*

पुणे
८ जानेवारी २०२५

आत्या,

तू चुकीचं समजलीस. मला मले-तुलेची लाज नाही, कधीच नव्हती. पण पत्रात हे सांगत बसले तर पाचवं पान लागेल आणि तरी तू साडेसहाच देशील. येच. भेटल्यावर भांडू.

ठेचा विहंगला चालत नाही. तरी आण.

रेवती

*

पुणे
२० जानेवारी २०२५

ती. आत्या,

भेटल्यावर भांडू असं ठरलं होतं, आणि तू भेटलीच नाहीस. मी त्या गर्दीतून बाहेर पडून जिना चढेपर्यंत तुम्ही काजलच्या ऑटोत बसून गेला होतात. दुसऱ्या दिवशी काजलला फोन केला तर म्हणाली, मावशी आंघोळीला गेल्यात. तेव्हा पुन्हा पत्रच. यात काय घडलं ते सगळं लिहिणार आहे, तू समोर बसून पाहिलं असलंस तरी. कारण तू बराच वेळ सतरंजीकडेच बघत होतीस.

जिन्यावरून तुम्ही तिघी उतरलात तेव्हा विहंग गिटारचे कान पिळत होता. पुढे वच्छलाबाई हिरव्या लुगड्यात आणि डोक्यावर गुंडाळलेली सतरंजी, मागे विमलबाई पिशवी घेऊन, शेवटी तू. आमच्याकडे येणारी सगळी पोरं काळ्या टी-शर्टातली. त्यांनी वाट करून दिली. मला वाटलं, तुम्ही भिंतीला टेकून मागे उभ्या राहाल. पण तुम्ही सरळ पुढे आलात. वच्छलाबाईने माझ्या पायांपुढे सतरंजी अंथरली, हाताने सुरकुती काढली आणि तुम्ही मांडी घालून बसलात. आत्या, त्या जागेवर लोक उड्या मारतात. तीन वर्षांत आमच्यापुढे कोणी बसलेलं मी पाहिलं नाही.

भुवईत कडी घातलेला एक मुलगा आहे, तो प्रत्येक वेळी येतो. तो वाकून अगदी अदबीने म्हणाला, "काकू, इथे लोक नाचतात." वच्छलाबाई म्हणाली, "नाच ना बाप्पा, आमी काय धरून ठुलं तुले? पन बसून ऐकलं त समजते. बस इथं, जागा हाय." आणि सरकून बसली. तो बसला. त्याच्यासोबतचे दोघं बसले. मग मागच्यांना पुढे कोणी दिसेना म्हणून तेही बसले. पहिलं गाणं संपेपर्यंत सगळं तळघर जमिनीवर मांडी घालून बसलं होतं. सोहम नंतर म्हणाला, आपला ड्रम असा वाजतो हे मला आज कळलं. एरवी लोक इतके बोलत असतात की आम्ही एकमेकांना फक्त दिसतो.

दुसरं गाणं संपलं आणि वच्छलाबाईने हात वर केला. आमच्यात फर्माईश करायची पद्धत नाही, पण ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. "आता आमच्या शारदाबाईचं म्हना, खाऱ्या हिरीचं." विहंगने माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू सतरंजीची दशी ओढत होतीस. मी नाही म्हणणार होते. पण सोहम मलकापूरचा. गावच्या बाईने हात वर केला आणि आपण गप्प बसायचं हे त्याला जमेना. त्याने ठेका धरला.

मी सुरू केलं. "हिले रांधणं येईना" म्हटलं आणि मागून कोणीतरी हसलं. मागच्या वेळसारखंच, तसंच. मी थांबले. ठेका चाललाय, गिटार चाललीय आणि ओळ अशीच लोंबकळत राहिली.

तेव्हा खालून विमलबाई आणि वच्छलाबाईने ती उचलली. दोघी एका दमात: "पाण्याले कोणी बोलेना, बाई, पाण्याले कोणी बोलेना." त्या मला वाचवत नव्हत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. पुढची थांबली की मागच्यांनी झील धरायची, यात काय विशेष, अशा निवांत बसल्या होत्या. पोरांना वाटलं, हे ठरवूनच बसवलंय. पुन्हा ओळ आली तेव्हा त्यांच्यासोबत कडीवाला होता आणि त्याच्यानंतर सगळं तळघर. पुण्याच्या पेठेत जमिनीखाली बसून इतकी माणसं "पाण्याले" म्हणत होती आणि एकालाही हसू येत नव्हतं. मला तर रडू येत होतं. दुसरं कडवं मी त्या जोरावर म्हटलं.

आणि पुढे गाणंच नव्हतं. दोन पत्रांत मागून तू दिलं नव्हतंस. झील फिरत राहिली, एकदा, दोनदा, आणि मग तुमच्याकडून खंजिरी वाजायला लागली. तुझ्या मांडीवर. ती कुठून आली देव जाणे. मी वाकले आणि माइक तुझ्यापुढे धरला. तू मान हलवलीस, बोटाने गळा दाखवलास. मी माइक काढला नाही. आत्या, तुला ऐकू आलं की नाही माहीत नाही, पण मी म्हटलं, "ओळ खाली पडते आहे." हे तूच आम्हाला शिकवलंस. उचललेली ओळ खाली पडू द्यायची नाही.

मग तू म्हणालीस:

खारं पाणी पेता पेता मीठ उतरलं गळ्यात
मिठात मुरलं तेच टिकते, पाहा लोणच्याच्या बरणीत
पाण्याले कोणी बोलू नका, बाई, पाण्याले कोणी बोलू नका

आता ते सांगते जे पत्रात मावणार नव्हतं. गाणं माझ्या गळ्यात बसत नव्हतं कारण माझा आवाज गोड आहे. माझ्या तोंडी ती सून रडते आहे असं वाटायचं, आणि रडणाऱ्या सुनेला लोक हसले तर त्यात त्यांची चूक नाही. भाऊबीजेला मी दारातून ऐकलं तेव्हा ती सून कंबरेवर हात ठेवून उभी होती. तुझा तो खरखरीत, खालचा, कढई घासल्यासारखा आवाज. त्यासाठीच मी गाणं मागितलं होतं. नुसती कडवी मला नको होती, पण तसं म्हटलं असतं तर तू गाणं दिलंच नसतंस.

तू संपवलंस तेव्हा पोरं उठून उभी राहिली. तू मान खाली घातलीस. तुला वाटलं असेल, उठून चालली. ती तशी चालली नव्हती, त्यांच्याकडे टाळ्या पुरेनात की उभं राहतात.

नंतर कडीवाला मला विचारत होता, "त्या काकूंनी हा आवाज कमावला कसा? किती वर्षांचा रियाज आहे?" असा आवाज यावा म्हणून तो स्वतः दोन वर्षं घसा ताणतो आहे. सोहमने त्याला सांगितलं की ऑपरेशन करावं लागतं. आणि विहंग तुझ्या ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढत बसला होता, तो म्हणाला, "आपण तीन वर्षं ज्या आवाजाची वाट बघतोय, तो संग्रामपूरला आंघोळीला गेला होता."

तुमची सतरंजी राहिली आहे. पाठवू का?

तुझी
रेवती

*

संग्रामपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. रेवती,

आशीर्वाद. पत्राला नऊ मार्क. एक कापला, कारण "देव जाणे" लिहिलंस. देव नाही, विमलबाई जाणे. माझ्या खुंटीवरची खंजिरी तिने आदल्या दिवशी किसनरावांकडून मागून घेतली आणि भाकरीच्या फडक्यात बांधून आणली. मला तिने तळघरात माझ्या मांडीवर ठेवेपर्यंत पत्ता नव्हता. परतीच्या गाडीत मी तिला बोलले. ती म्हणाली, "तुमची जागा मी धरून ठुली होती, घेतली नव्हती बाई." 

तुझं बरोबर आहे. मुलं उभी राहिली तेव्हा मला वाटलं, उठून चालली. म्हणून मीच आधी निघाले. जिन्यात त्या कडीवाल्या मुलाने मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, सुखी राहा. तो आवाज ऐकून तो खूश झाला. माझा "सुखी राहा" ऐकून गेल्या वर्षभरात कोणी खूश झालेलं मला आठवत नाही. काजलकडे जाऊन मी खरंच आंघोळ केली आणि तिथे थोडी रडले. दुःखाने नाही. खूप दिवस बंद असलेली खोली उघडली की धुळीनेही डोळ्यांत पाणी येतं.

तिसरं कडवं मी तुला का दिलं नाही ते आता सांगते. पहिली दोन जुनी, पण ते दवाखान्यात सुचलं होतं, गळ्याला पट्टी असताना. तेव्हा गाऊन पाहायची सोय नव्हती आणि नंतर धीर नव्हता. कागदावर लिहून दिलं असतं तर ते तुझ्या गोड आवाजात गेलं असतं, आणि गोड आवाजात मिठाचं गाणं म्हणजे बासुंदीत लोणचं. हे मला तुझ्याआधी कळलं होतं. सांगितलं मात्र दोघींनी एकमेकींना नाही.

शुक्रवारी मंडळात विमलबाई उठली आणि मागे जाऊन बसली. पुढची जागा रिकामी. देवापुढे असा आवाज काढायचा का, हे पुन्हा मनात आलंच. मग विचार केला, हा आवाज ज्याने दिला त्याच्यापुढे काढायला लाज कसली. म्हटलं भजन. पहिल्या ओळीला बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, हे खोटं कशाला सांगू. पण झील धरली. तिसऱ्या भजनाला ओट्यावरचे पुरुष आत येऊन बसले, त्यात किसनरावही होते, जे एरवी भजनाला बाहेर बसून पेपर वाचतात. म्हणाले, "आवाज बदलला म्हनून ऐकाले आलो." मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षांनी का होईना. वच्छलाबाईने सगळ्यांना सांगितलं की पुण्यात हा आवाज कमवायला पोरं तडफडतात. ती आता हे रोज सांगते.

सतरंजी पाठवू नकोस. तिच्या कोपऱ्यावर मंडळाचं नाव रंगवलेलं आहे, ते वर दिसेल असं अंथरत जा. आम्ही गावात नवीन विणून घेऊ. उन्हाळ्यात तुम्ही तिघं इकडे या. देवळापुढे वीज आहे, सोहमला सांग. बसायला जागा आम्ही देऊ, नाचायचं असेल त्यांनी मागे नाचावं.

काल गॅसचा नंबर लावला. पोरगा म्हणाला, "दादा, उद्या भेटन." मी म्हटलं, "आजच पाठव बे, दादा वाट पाहून राह्यला." संध्याकाळीच आला सिलिंडर.

किसनराव हे पत्र टाकायला चपला घालून उभे आहेत, तेव्हा आवरते. याला उत्तर लिहीत बसू नकोस. मिळालं की फोन कर. कधीही कर. मीच उचलीन.

तुझी
शारदाआत्या